रंग ब्याडगीचा, ठसका संकेश्वरीचा

निपाणीत मार्च-एप्रिलच्या दिवसांत कुठल्याही गल्लीतून जा, ठसका लागतो. वर्षाची चटणी कुटून आणायचे ते दिवस. ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात ती खोबऱ्या-कोथिंबिरीची चटणी वेगळी. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ-धणे आणि मसाले घालून डंकावर कुटलेलं लाल तिखट. त्यात कुठली मिरची किती घालायची यावरून जावाजावांत दरवर्षी वाद होतात. माझ्या आत्तीचा हिशेब मात्र ठरलेला असे: रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, गडद लाल. तिचा रस्सा बघूनच नवखा माणूस पाण्याचा तांब्या जवळ ओढतो आणि पहिल्या घासाला त्याला कळतं की उगाच भ्यालो. संकेश्वरी आमच्याच वाटेवरची. निपाणीहून बेळगावला निघालं आणि तवंदी घाट ओलांडला की पुढे संकेश्वर येतं. ही मिरची रंगाचा गाजावाजा करत नाही. पण घास गिळला की कानातून वाफा निघतात.

मिरचीचा लाल रंग मुख्यतः कॅप्सँथिन या रंगद्रव्याचा, तिखटपणा कॅप्सायसिनचा. एक भरपूर आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही. आत्तीला ही नावं ठाऊक नव्हती, भेद मात्र पक्का ठाऊक होता. मलाही तो मिरचीपुरता ठाऊक होता. स्वतःच्या तोंडाला तो लावून बघायला मला पुढे पंचवीस वर्षं लागली.

एकोणीस वर्षांचा असेन. कसल्याशा दाखल्यासाठी बेळगावात एका कचेरीत गेलो होतो. माझी शाळा निपाणीतली मराठी, पुढे देवचंद कॉलेज. हे कॉलेज निपाणीकरांचं, पण उभं आहे महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यातल्या अर्जुननगरला. म्हणजे आम्ही रोज राज्य ओलांडून तासाला बसायचो आणि जेवायला कर्नाटकात परत यायचो. कन्नड कानावर पडायचं, बाजारापुरतं यायचंही. त्या दिवशी खिडकीपलीकडच्या कारकुनानं कन्नडमधून काहीतरी विचारलं. साधंच असणार. ‘कन्नड गोत्तिल्ला’, मला कन्नड येत नाही, एवढे दोन शब्द मी बसमध्ये घोकत आलो होतो. तेही तोंडातून फुटेनात. आधी कानाच्या पाळ्या तापल्या, मग कानशिलं, गाल, मान. हात मात्र बर्फासारखे गार. मागच्या रांगेतली सगळी माणसं माझ्या लालभडक तोंडाकडेच बघताहेत याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. कागद तसेच घेऊन बाहेर आलो आणि समोरच्या पानपट्टीच्या आरशात तोंड बघितलं.

तोंड होतं तसंच होतं. सावळं, वरच्या ओठावर घामाचे दोन थेंब. लाल कुठं काय!

घरी सांगितल्यावर आत्ती म्हणाली, “हीट झालीया तुला. सब्जा भिजवून पी.” ऑगस्ट महिना होता, बेळगावात बुरबुर पाऊस, माझ्या अंगात स्वेटर. अडीच हजार फूट उंचीवरच्या त्या गार गावात हीट कुठून आली, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. आमच्या भागात ‘हीट’ हे एक मोठं पोतं आहे. तोंड येणं, पुळ्या, डोळ्यांची आग, लघवीची जळजळ आणि चेहऱ्यावर उसळणारी ही गरम लाट, सगळं त्याच पोत्यात भरतात. सब्ज्यानं अपाय काही होत नाही. पण पुढच्या खेपेला, सब्जा पिऊनसुद्धा, त्याच खिडकीवर पुन्हा तेच झालं.

झालं होतं ते असं. धोका जाणवला की मेंदू विचार करत बसत नाही. सिंपथेटिक नावाची मज्जासंस्था, जिच्यावर आपला थेट ताबा नसतो, ती क्षणात कामाला लागते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात अॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पोट आणि हातापायांची कातडी यांचा वाटा कापला जातो. मराठीनं हे सगळं केव्हाच टिपून ठेवलंय: छातीत धडधडलं, तोंडचं पाणी पळालं, घशाला कोरड पडली, अंगावर काटा आला, हातपाय गार पडले, पाय लटपटले. ही यादी वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या हातात दिली तर सिंपथेटिकचा अर्धा धडा तयार होतो. तोंडचं पाणी तर खरोखरच पळतं, कारण लाळ कमी होते आणि घट्ट होते.

पण मग एक कोडं उरतं. घाबरल्यावर कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. मग त्याच वेळी गाल का तापावेत?

चेहरा हा नियम पाळत नाही. गाल, कपाळ आणि कान यांच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं, ते वरच्या थराला लागून असतं आणि त्यातल्या वाहिन्या इतर ठिकाणच्यापेक्षा रुंद असतात. शिवाय मानेतून वर जाणाऱ्या सिंपथेटिक तंतूंमध्ये ‘आकसा’ म्हणणाऱ्यांबरोबर ‘उघडा’ म्हणणारेही असतात. स्वीडनमध्ये स्टेफान मेलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली माणसाच्या चेहऱ्यावरच्या शिरेचे तुकडे तपासले. अॅड्रेनलिनच्या जातीचा संदेश मिळाल्यावर बहुतेक शिरा आवळतात. ही शीर सैल पडत होती. तिच्यात बीटा जातीचे ग्राहक होते, म्हणजे तोच संदेश उलट्या अर्थानं वाचणारे. एकच हुकूम सुटतो, त्यावर हाताची दारं बंद होतात आणि गालाची उघडतात.

हे काम मज्जातंतूंचंच, याचा अधिक डोळ्यांत भरणारा पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. जेम्स लान्स, पीटर ड्रमंड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये असे रुग्ण नोंदवले की व्यायामानं किंवा उकाड्यानं त्यांचा अर्धाच चेहरा लाल व्हायचा आणि घामेजायचा. दुसरा अर्धा कोरडा, फिका, मधोमध जणू रेघ मारलेली. विदूषकाच्या दुरंगी पोशाखावरून त्या विकाराला हार्लेक्विन असं नाव पडलं. फिक्या बाजूच्या सिंपथेटिक तंतूंना इजा झालेली होती. म्हणजे चेहऱ्याची लाली हा नुसता तापलेल्या रक्ताचा उमाळा नसतो. मानेतून तार जाते तेव्हा गाल पेटतो.

भीती आणि लाज या दोघी बहिणी असल्या तरी वर्णानं निराळ्या. निव्वळ भीतीत माणूस पांढराफटक पडतो, लाजेत आणि संतापात लालबुंद होतो. चिंता ही मधली. समोर वाघ नसतो, माणसं असतात, आणि ती चावणार नसतात, फक्त बघणार असतात. म्हणून चिंतेत दोन्हीची भेसळ दिसते. उष्णतेची छायाचित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यातून ताणाखालचा माणूस बघितला तर नाकाचं टोक गार झालेलं दिसतं, आणि तो शरमलेला असला तर त्याच चेहऱ्यावर गाल तापलेले.

गरम का वाटतं, तेही बघू. शरीराच्या आतलं रक्त सदतीस अंशांच्या आसपास असतं, गालाची कातडी एरवी त्याहून दोन-तीन अंशांनी गार. जास्त रक्त वर आलं की कातडी तेवढी तापते, जास्तीत जास्त एखाद-दुसऱ्या अंशानं. पण कातडीतले तापमानाचे तंतू मुख्यतः बदल मोजतात, आणि बदल झपाट्यानं झाला की तो भट्टीसारखा वाटतो. तोंडात थर्मामीटर धरला तर ताप निघणार नाही. त्यातच श्वास भराभर चालू असेल तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मग माणसाला वाटतं, आता झटका येणार.

इथं संकेश्वरीकडे पुन्हा वळायला हवं. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये मज्जातंतूंवरचा तो ग्राहक शोधला ज्यावर कॅप्सायसिन जाऊन बसतं. या शोधाला २०२१ चा नोबेल पुरस्कार मिळाला, स्पर्शाच्या ग्राहकांवर काम करणारे आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर विभागून. गंमत अशी की तोच ग्राहक त्रेचाळीस अंशांच्या पुढच्या उष्णतेनंही उघडतो. त्यामुळे मिरची खाल्ली की मेंदूला निरोप जातो तो ‘भाजलं’ असा. शरीर तो खरा मानतं, चेहऱ्यावर रक्त आणतं, घाम फोडतं. तांबड्या रश्श्यापुढे बसलेला माणूस आणि मुलाखतीच्या खोलीत बसलेला माणूस यांच्यात एवढंच साम्य आहे की आग कुठंच लागलेली नसते, पाण्याचे बंब मात्र खरोखर धावत असतात.

आता रंगाकडे. सावळी माणसं लाजून लाल होतात का, हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. त्यानं १८६७ च्या सुमारास जगभरच्या ओळखी-पाळखीच्या साहेबांना, मिशनऱ्यांना एक प्रश्नावली पाठवली आणि १८७२ मध्ये माणसांच्या व प्राण्यांच्या भावदर्शनावरचं पुस्तक काढलं. त्यात लाजून लाल होण्यावर एक आख्खं प्रकरण आहे. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत मुंबई इलाख्यातले अर्स्किन नावाचे साहेब होते, मुक्काम अहमदनगर. त्यांनी कॅनराचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडूनही माहिती मागवली. कॅनरा म्हणजे कारवारकडचा मुलूख, बेळगावहून घाट उतरला की लागणारा. अर्स्किनसाहेबांची तक्रार डार्विननं नोंदवलीय: इथले लोक युरोपियनांसमोर भावना लपवतात, त्यामुळे नक्की काही सांगता येत नाही. हे वाचून मला हसू आलं. साहेब वही घेऊन समोर बसल्यावर रयतेनं मोकळेपणानं लाजायचं तरी कसं? कचेरीच्या खिडकीवर मी केलं तेच त्यांनीही केलं असणार, मान खाली.

कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या स्कॉट यांची नोंद जास्त कामाची आहे. सिक्कीमच्या फिक्या वर्णाच्या लेपचांच्या गालावर त्यांना लाली दिसली. इतर बहुतेक भारतीयांत शरम रंगातून फारशी कळत नाही, झुकलेल्या मानेतून आणि चुकवलेल्या नजरेतून कळते, असं त्यांनी कळवलं. आणखी एक निरीक्षण डार्विननं थॉमस बर्जेस या डॉक्टरच्या १८३९ च्या पुस्तकातून घेतलं. एका कृष्णवर्णी स्त्रीच्या चेहऱ्यावर जुना व्रण होता. तिला एकदम हटकलं की बाकीचा चेहरा तसाच राही, तेवढा व्रण लाल होई. व्रणात रंगद्रव्य नव्हतं. म्हणजे रक्त सगळीकडे आलेलं होतं, मेलॅनिनच्या पडद्याआडून दिसत नव्हतं इतकंच.

पानपट्टीच्या आरशाचा उलगडा मला इथं झाला. माझ्या गालात त्या दिवशी ठसका संकेश्वरीचा होता आणि मी रंग ब्याडगीचा धरून चाललो होतो. गोऱ्या माणसाला दोन्ही एकदम भोगावं लागतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आतली गरमीच येते आणि लोकांना ती दिसत नाही. पण गरम माणसाला हे कोण सांगणार? जे इतकं जाणवतंय ते दिसत नसेल, यावर त्या क्षणी विश्वास बसत नाही.

आपल्या जुन्या नाट्यशास्त्रात या गोष्टींची वेगळी खातेवही आहे. भरतानं आठ सात्त्विक भाव मोजले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. हल्ली मराठीत ‘अष्टसात्त्विक भाव दाटून आले’ हे बहुधा थट्टेनं किंवा भक्तीनं म्हटलं जातं. मूळ मुद्दा बारीक आहे. हात हलवणं, भुवई उडवणं नटाला ठरवून करता येतं. घाम, कंप आणि चेहऱ्याचा रंग पालटणं, म्हणजे वैवर्ण्य, मन तिथं नेल्याशिवाय येत नाही. कचेरीच्या खिडकीवर मला एकाच वेळी पाच तरी भाव झाले होते, आणि तेही तालमीशिवाय.

लाल होण्यासाठी कुणीतरी बघावं लागतं, निदान बघतंय असं वाटावं लागतं. डार्विनचा अंदाज होता की चेहऱ्याकडे लक्ष गेल्यानंच तिथल्या वाहिन्या सैल पडतात. त्याची यंत्रणेची कल्पना आज जशीच्या तशी कुणी मानत नाही, पण २००४ मध्ये ड्रमंड आणि त्यांच्या सहकारी नादिया मिर्को यांनी एक मजेदार प्रयोग केला. लोकांना गायला लावलं आणि ते गात असताना एका बाजूला बसून चेहऱ्याच्या त्याच बाजूकडे टक लावून बघितलं. ज्या गालाकडे बघितलं त्या गालातलं रक्त जास्त वाढलं. लग्नाच्या मांडवात ‘बघ बघ, कशी लाल झाली’ म्हणणाऱ्या करवल्या हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, कागदावर उतरवला नाही एवढंच. लाजाळूच्या झाडाला आमचे कन्नड शेजारी ‘नाचिके मुळ्ळु’ म्हणतात, लाजेचा काटा. दोन्ही भाषांना त्या झाडाकडे बघून लाजच आठवावी आणि कन्नडला वर काटाही दिसावा, हे मला आवडतं.

लाजणं हा काही आजार नाही. त्याचा आजार होतो तो काटा आत वळल्यावर. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये माणसांत वावरण्याच्या भीतीचा जो आराखडा मांडला त्याचं सार असं, की घाबरलेला माणूस समोरच्याकडे बघतच नाही. त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या आत असतं आणि आत जे जाणवतं त्यावरून तो स्वतःचं बाहेरचं चित्र काढतो. कान तापले, म्हणजे तोंड लाल झालं. तोंड लाल झालं, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. सगळ्यांनी बघितलं, म्हणजे आता हसणार. प्रत्येक पायरीवर रक्त थोडं आणखी वर. पुढच्या वेळी तर खिडकीपाशी पोचायच्या आधीच, बसमध्येच, ‘आज तर होणार नाही ना’ या विचारानं कान तापायला लागतात. अमेरिकेत २००१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात माणसांना बुजणाऱ्यांचे दोन गट घेतले होते, लाल होण्याची मुख्य तक्रार असलेले आणि नसलेले. तक्रार असलेल्यांचे गाल दुसऱ्या गटापेक्षा जास्त लाल झाले नाहीत. त्यांच्या हृदयाचे ठोके मात्र जास्त होते. काय तापलं होतं आणि त्यांना काय दिसत होतं, यात तफावत होती.

सीमाभागात या काट्याला एक जादा टोक आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव आणि निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. त्या सीमावादावर महाजन आयोग येऊन गेला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. तो वाद तिथं राहो. त्याची एक बारीक आवृत्ती रोज बसमध्ये, दवाखान्यात, खिडकीवर चालू असते. कंडक्टर ‘एल्लिगे?’ म्हणतो आणि उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं हे ठरवायला माणसाला अर्धा सेकंद लागतो. मराठीत बोललो तर हा रागावेल का? मोडक्या कन्नडमध्ये बोललो तर हसेल का? त्या अर्ध्या सेकंदात कान तापतात. कोल्हापूरच्या बाजारात उभ्या असलेल्या कन्नडभाषक पोराचंही हेच होत असणार, आणि पुण्या-बंगळूरला इंग्रजीत मुलाखत द्यायला गेलेल्या दोघांचंही. भाषा येत नाही याची लाज आणि माणूस म्हणून कमी पडल्याची लाज यांत गालांना फरक करता येत नाही.

संतापही गाल तापवतो. तारा त्याच, पण तापल्यावर माणूस जागचा हलतो. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांच्या लढ्यावर दीपा धनराज यांच्या युगांतर गटानं १९८२ मध्ये एक माहितीपट केला. त्याचं नाव ‘तंबाकू चाकीला ऊब आली’. मालकापुढे मान वर न करणाऱ्या बायका बोलायला उभ्या राहिल्या, त्याचं ते चित्रण. ऊब हा शब्द मला तिथं फार नेमका वाटतो. त्या बायकांचे कानही पहिल्यांदा बोलताना तापले असतील. त्यांनी त्याला हीट म्हटलं नाही.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. मुलाखतीआधी किंवा भाषणाआधी ‘डोकं शांत व्हावं’ म्हणून चिमूट लावणारे आमच्या गावात कमी नाहीत. निकोटीन त्याच सिंपथेटिक संस्थेला डिवचतं, नाडी वाढवतं. शांत वाटतं ते बहुतेक करून तलफ भागल्यामुळे.

चेहरा गरम होतो म्हणजे प्रत्येक वेळी चिंताच, असंही नाही. पाळी जाण्याच्या वयात येणाऱ्या लाटा, थायरॉईड, दारू, ताप, आणि बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः अॅम्लोडिपिन आणि निफेडिपिन, यांनीही तोंड तापतं. गाल-नाकावर कायमची लाली आणि पुटकुळ्या असतील तर तो रोझेशिया असू शकतो. आमच्या भागात सर्रास दिसणारं आणखी एक कारण म्हणजे गोरं होण्यासाठी मेडिकलमधून स्वतःच आणून महिनोन्‌महिने लावलेली स्टिरॉइडची ट्यूब. कातडी पातळ होते, वाहिन्या वर येतात, उन्हात किंवा चुलीपुढे चेहरा भाजल्यासारखा होतो, आणि ट्यूब थांबवली की आणखी भडकतो म्हणून बाई ती पुन्हा लावते. याला त्वचेच्या डॉक्टरांशिवाय उपाय नाही. लालीबरोबर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला तर ती अॅलर्जी. तेव्हा थेट दवाखाना गाठायचा.

‘तोंड तापलं म्हणजे बीपी वाढलं’ ही समजूत मात्र पार रुजलेली आहे. कायमचा वाढलेला रक्तदाब बहुधा चेहऱ्यावर काहीच दाखवत नाही, म्हणून तर तो धोकादायक. उलट घाबरलेल्या अवस्थेत मोजलेला दाब तात्पुरता जास्त येतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं सैन्यभरतीच्या मेडिकलला जाणारी पोरं इथं घरोघर. वर्षभर पळून पळून पाय घडवलेला पोरगा पट्टा दंडाला बांधल्याबरोबर घामेजतो आणि नाडी शंभराच्या वर जाते. अशा वेळी थोडं बसवून पुन्हा मोजणारा डॉक्टर भेटला तर नशीब.

चिंतेनं येणाऱ्या लाटेवर काय करायचं? ‘लाल होऊ नकोस’ असं स्वतःला बजावण्याचा उपयोग नाही, त्यानं लक्ष पुन्हा गालावरच जातं. नेदरलँड्समधल्या सुझान बोगेल्स यांनी लाल होण्याच्या भीतीसाठी लक्ष बाहेर वळवण्याचा सराव रचला. आधी सोप्या जागी: कुणी बोलत असताना त्याचं बोलणं ऐकायचं आणि नंतर किती आठवतं ते बघायचं. मग थोड्या अवघड जागी, आणि शेवटी जिथं तापायला होतं तिथंच. खिडकीपलीकडच्या माणसाच्या शर्टाचा रंग, टेबलावरचा शिक्का, त्यानं नेमकं काय विचारलं. श्वास मोठा घेण्यापेक्षा सावकाश सोडण्यावर भर द्यावा, भराभर खोल श्वास घेतले तर मुंग्याच वाढतात. भीतीनं शाळा, नोकरी, लग्नकार्य टाळायची वेळ आली असेल तर मानसोपचार आणि गरज पडल्यास औषधं, दोन्ही उपयोगी पडतात. प्रोप्रानोलॉल ही धडधड कमी करणारी गोळी मित्राकडून मागून घ्यायची नाही, दम्याच्या माणसाला ती घातक ठरू शकते आणि तंबाखूच्या धुळीत वाढलेल्या आमच्या गावात दम्याची माणसं भरपूर. छातीतून सिंपथेटिकची साखळी कापायची शस्त्रक्रियाही असते. चेहरा गार होतो, पण पाठ-पोटाला घामाच्या धारा लागतात अशी तक्रार नंतर अनेक जण करतात.

डॉक्टरांपर्यंत पोचण्यात खरी अडचण असते ती नावाची. धारवाडला १८४५ पासून मनोरुग्णालय आहे, आज तिथं मोठी संस्था उभी आहे. पण आमच्या लहानपणी ‘ह्याला धारवाडला न्या’ हा फक्त विनोद होता, आणि त्या विनोदाच्या भीतीनं कितीजण सब्ज्यावरच थांबले असतील. आता १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर घरबसल्या फुकट बोलता येतं, मराठीतही. फोनवर तर गाल दिसायचाही प्रश्न नाही.

लाल झालेला माणूस बघणाऱ्याला कसा वाटतो, हे कोरीन डाइक आणि पीटर द योंग यांनी नेदरलँड्समध्ये तपासलं. कुणाच्या हातून चूक झालीय आणि तो लाल झालाय, किंवा तितकीच चूक करून तो कोरडा आहे, अशी छायाचित्रं लोकांना दाखवली. लाल झालेल्याकडे लोक जास्त मायेनं बघत होते. पैशांच्या एका खेळात दगा देऊनही चेहरा लाल दिसलेल्यावर लोकांनी पुढच्या डावात जास्त विश्वास टाकला. यावर माझी एक शंका आहे. आपल्या सावळ्या गालांना हा फायदा कसा मिळणार? कदाचित झुकलेली मान तेच काम करत असेल, स्कॉटसाहेबांनी टिपली ती.

गेल्या वर्षी पुन्हा एका दाखल्यासाठी बेळगावला गेलो. आता कन्नड बऱ्यापैकी जमतं, कान मात्र अजूनही तापतात. खिडकीपलीकडे एक तरुण कारकून होता, गोरापान, नुकताच लागलेला असावा. मी अर्ज पुढे केला. माझं आडनाव वाचून त्यानं थोडा विचार केला आणि मराठी सुरू केली. “तुम्ही... फोटो... दोन आणली आहे का?” लिंग चुकलं, वचन चुकलं, आणि ते त्यालाही कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या माझ्या डोळ्यांदेखत ब्याडगीसारख्या झाल्या, मग गाल, मग मान. मी खिशातून फोटो काढले आणि म्हणालो, “एरडु इदे.” दोन आहेत.

तो हसला. फोटो अर्जाला टाचताना त्याचे कान अजून तसेच होते.